घटामागची केळी

या वर्षी आमच्या घटातला वाल माझ्या वितीच्याही वर चार बोटं गेला. दसऱ्याला आमच्या यांच्या टोपीत खोवला तर टोपीच्या वर डुलत राहिला. सोनं द्यायला आलेला प्रत्येक माणूस आधी टोपीकडे बघायचा आणि मग आत, माझ्याकडे. घट कुणी बसवला असं आता कुणी विचारत नाही, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तरी मला आपलं वाटतं, एखाद्यानं विचारावं.

मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत. लिहिताना सापडतात, हे मला फार उशिरा कळलं. लेकीच्या कॉलेजच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. त्यांत हे लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरात कामाला. आम्ही पोरी मीठ गोळा करायची फळी ओढायला जायचो, पायांना चिरा पडायच्या. आमच्या दारात केळ नव्हती, आंबा नव्हता. नजर जाईल तिकडे पाणी, बांध आणि मिठाच्या राशी. लग्न होऊन रोह्याकडच्या आतल्या गावात आले तेव्हा एसटीच्या खिडकीतून एवढी झाडं बघून मला बरं वाटलं होतं. गडब मागे पडलं, नागोठणं मागे पडलं आणि हवेतला खारा वासही गेला. सासरी भाताची शेती, आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. आमच्याकडचा वाल दूरवर जातो.

या घरात एक रीत होती. नवरात्रात जी बाई घट बसवेल, वर्षभर बियाण्याला पहिली मूठ तिची. राबात, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यात, भाताचं बी टाकायचं तर आधी तिनं टाकायचं, मग पुरुषांनी. वाल पेरायचे तर पहिलं बी तिनं खोचायचं. घटाभोवतीच्या मातीत जे धान्य पेरतात त्याला आम्ही रुजवण म्हणतो. रुजवण उंच आली तर तिचा हात चांगला. नाही आली तर ती बाई बियाण्याच्या टोपलीला हात लावत नाही. घरात मोठी माणसं हे अगदी साध्या आवाजात सांगायची, चुलीत लाकूड कसं सारावं ते सांगावं तसं.

लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सासूबाई म्हणाल्या, "नवी सून हाय. या वर्षी तिच्या हातानं बसू दे घट."

माझ्या थोरल्या जाऊबाई तोवर घट बसवायच्या. त्यांनी परडी माझ्या हातात दिली, ती थोडी जोरात.

मी शेतातली माती चाळली, परडीत पसरली, मध्ये घट ठेवला आणि भोवती धान्य पेरलं. भात, वाल, मूग, चवळी, उडीद. माजघराच्या टोकाला देवाचा कोपरा होता, खिडकी नाही, समईचा काय तो उजेड. तिथे परडी मांडली. नऊ दिवसांचे उपास धरले. नवी होते, सगळंच मनापासून करत होते.

पहिल्याच संध्याकाळी आमचे हे माझ्यामागून आत आले. लग्नाला पाच महिने झाले होते आणि दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी दहा वाक्यं बोललो नसू. समईत तेल घालायच्या निमित्तानं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "परडीच्या पाठी डालगं हाय. पेंढ्याखाली केळी हायत. खात जा. कोणाला सांगू नको."

मी विचारलं, "आईंना पण नाय सांगायचं?"

"आईला तर नायच. बायकोला केळी पुरवतो म्हणून गावभर होईल."

कुणी येतंय असं वाटलं असावं, लगबगीनं निघून गेले. मी त्या मोठ्या टोपलीतला पेंढा बाजूला केला. दोन फण्या होत्या, पिवळ्या पडू लागलेल्या. संपल्या की आणखी यायच्या. ती जागा यांनी नेमकी शोधली होती, कारण घट माझा, म्हणजे त्या कोपऱ्यात माझ्याशिवाय कुणी जाणार नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ रुजवणीवर पाणी शिंपडायची, देवाला नमस्कार करायची आणि भिंतीकडे तोंड करून एक केळं खायची. साल पदरात लपवून गोठ्यात न्यायची. गाईला दोन दिवसांत कळलं. मी दिसले की ती हंबरायला लागली.

त्या केळ्यांचा वास मला अजून येतो. सगळा कोपरा गोड झाला होता.

चौथ्या दिवशी कोंब वर आले. भाताचे कोंब छान सुईसारखे सरळ निघाले. वाल, मूग, चवळी मात्र बोटाच्या पेराएवढी वर आली आणि तिथेच बसली. देठ जाड, आखूड. माना अशा वळलेल्या की डोकी पुन्हा मातीत खुपसायची असावीत. सहावा दिवस झाला, सातवा झाला. मी जास्त पाणी घातलं, कमी घातलं, हात जोडले. नवव्या दिवशी वाडीतल्या बायका आल्या तेव्हा परडीत भाताची विरळ पाती आणि त्यांच्यात ही कुबडी गर्दी.

मग जाऊबाई म्हणाल्या, "मिठागरची पोर ही. हातात मीठ मुरलंय गो हिच्या. कसं उगवायचं?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "हिच्या हातचं कालवण तरी खारट होत नाय ना?" पुन्हा हसल्या. मीही हसले थोडंसं. काय करावं ते कळलं नाही म्हणून हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी बियाण्याची टोपली माझ्या खोलीच्या दाराजवळून उचलून त्यांनी जाऊबाईंच्या दाराजवळ ठेवली आणि मला म्हणाल्या, "बियाण्याला हात लावू नको हां." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी घट जाऊबाईंचा. वीतभर उंच आला. केळी त्याही वर्षी आली, पण त्या कोपऱ्यात जायचं मला आता कारण नव्हतं, म्हणून यांनी ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. म्हणजे घट माझा तेव्हा तो खुजा आणि जाऊबाईंचा तेव्हा उंच. दुसरं काही माझ्याही डोक्यात आलं नाही. माझं मलाच पटलं की माझ्या हातात काहीतरी आहे.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मी लावणी केली, बेणणी केली, कापणी केली. चिखलात पाठ मोडेपर्यंत रोपं लावली. दुसऱ्याच्या हातची रोपं लावायला माझं मीठ आड येत नव्हतं! राबात बी टाकायच्या दिवशी मात्र मी भाकऱ्या घेऊन बांधावर उभी राहायची. वाल पेरायला सगळ्या बायका ओळीनं बसायच्या, मी कळशी घेऊन पाणी पाजत फिरायची. परसातली काकडी, दोडकी, भोपळा, सगळं जाऊबाई लावायच्या. एकदा चोरून मी न्हाणीच्या मागे भेंडीच्या चार बिया खोचल्या. चारही उगवल्या. मी त्या उपटून टाकल्या, कुणी विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं म्हणून.

त्याबद्दल आजही माझी मलाच शरम वाटते.

मग लेक चौथीत गेली. तिचं चौथीचं वर्ष सुरू झालं तेव्हा मला उगीच भीती वाटायची, कारण माझी शाळा तिथंच थांबली होती. जूनच्या शेवटाला बाईंनी मुलींना सांगितलं, करवंटीत माती घालून वाल पेरा, आठ दिवस अंधारात ठेवा आणि शाळेत आणा. उजेडातलं रोप आणि अंधारातलं रोप यांत काय फरक पडतो ते बघायचं होतं. लेकीनं स्वतःच्या हातानं पेरलं आणि करवंटी माजघरात नेऊन ठेवली. तिथे रायवळ आंब्यांची शेवटची आढी घातलेली होती, पेंढ्यात. तिला वाटलं, पेंढ्याच्या मागे अंधार चांगला.

आठव्या दिवशी करवंटी बाहेर काढली आणि ती रडायलाच लागली. शेजारच्या घरातल्या मैत्रिणीचा वाल पांढरा, लांबलचक, दोऱ्यासारखा उभा होता. हिचा जाड, आखूड आणि मान वळवून बसलेला.

जाऊबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "आईचा हात घेऊन जन्मली गो बाय. तू पण उद्यापासून कळशी घे."

वाईट मनानं म्हणाल्या असं नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं. पण लेकीनं आपले दोन्ही हात उलटे-पालटे करून बघितले. ते मला बघवलं नाही.

मी करवंटी तिच्या हातातून घेतली आणि तोंडाजवळ नेली, नीट बघायला. आणि मला आंब्याचा वास आला. मातीलाच वास येत होता. तो वास नाकात गेला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती परडी उभी राहिली. हेच जाड देठ. याच वळलेल्या माना. आणि तिथेही असाच गोड वास होता, पिकत्या केळ्यांचा.

मी तिथेच उभी राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "काय झालं गो? भूत बघितलंस?"

"नाय, काय नाय," म्हटलं आणि परसात गेले.

लाकडं ठेवायची एक खोपी होती आमच्या मागे, तिथे माझ्याशिवाय फारसं कुणी फिरकत नसे. मी सहा करवंट्या घेतल्या. एकाच ढिगातली माती, एकाच मुठीतले वाल, माझाच हात. तीन करवंट्या एका मडक्याखाली झाकल्या, सोबत दोन पिकले आंबे. तीन दुसऱ्या मडक्याखाली नुसत्याच. रोज सरपण आणायला जायची आणि मडकं उचलून पाणी शिंपडायची. लेक दाराशी उभी राहून कुणी येतंय का बघायची. तिला मी एवढंच सांगितलं होतं की तुझ्या हाताची चौकशी चालली आहे.

सातव्या दिवशी दोन्ही मडकी उचलली. एकाखाली सगळे उंच. दुसऱ्याखाली, आंब्याशेजारी, सगळे कुबडे.

लेक टाळ्या पिटणार होती, मी तिचे हात धरले. माझ्या मनात आलं, म्हणतील मडक्यातच काहीतरी असेल. म्हणून मडकी बदलली. आंबे तोवर संपले होते, यांना केळी आणायला सांगितली. "आता कुठला उपास?" असं हे म्हणाले, पण आणली. जिथे आधी उंच आले होते त्या मडक्याखाली केळी ठेवली. करवंट्यांत नवे वाल पेरले, पुन्हा सात दिवस. या वेळी त्या मडक्याखालचे वाल बसले. मडकं निर्दोष, माती निर्दोष, आणि हात तर सगळीकडे माझाच. आणखी एक बघितलं. केळी काढून टाकली आणि त्याच कुबड्या रोपांना उजेडात ठेवलं, तर दोन दिवसांत त्यांनी माना वर केल्या आणि पानं उघडली. आजारी नव्हतीच ती.

त्या दिवशी मी चुलीपुढे बसून एकटीच हसले. हाताकडे बघितलं. साधा हात. चिरा पडलेला.

पण बोलले का? नाही. सगळा श्रावण गेला, गणपती आले नि गेले. कितीतरी वेळा तोंड उघडलं. सासूबाईंपुढे उभी राहायची आणि "चहा टाकू का?" विचारून परत यायची. बोलायचं तर यांचं नाव घ्यावं लागणार होतं. चोरून खाल्लेली केळी बाहेर येणार होती. दहा-अकरा वर्षांनी बायका पदर तोंडाला लावून हसणार होत्या. मला ते नको होतं. मला बियाण्याची टोपली हवी होती, पण न बोलता.

घट बसवायच्या सकाळी जाऊबाईंना अडचण आली आणि त्या पडवीच्या कोपऱ्यात बसल्या. सासूबाईंचे हात तोवर कापायला लागले होते. परडी समोर, धान्याचा वाडगा समोर, आणि घालायला कुणी नाही. मी बाजूला फुलांची माळ ओवत होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, "पलीकडल्या घरची थोरली सून असेल घरी, तिला हाक मार." आमच्या घरचा घट, आणि शेजारची सून बसवणार.

लेक पुढे झाली. "आजी, मी घालू?"

पडवीतून जाऊबाईंचा आवाज आला, "नको गो बाय! तू आईवर गेलीस. वर्षाचं धान्य हाय ते."

लेकीनं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. जणू काही लागलं होतं त्याला.

मी माळ खाली ठेवली आणि बोलले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

"आई, त्या वर्षी घटाच्या पाठी केळी व्हती."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुठल्या वर्षी? कसली केळी?"

"माझ्या पहिल्या घटाला. डालग्यात, पेंढ्याखाली. पिकत व्हती. पिकत्या फळाच्या वासानं वाल वाढत नाय, बसून राहतो. मी बघितलंय. दोनदा बघितलंय. माझ्या हातात काय नाय."

"आणि केळी कुणी ठेवली तिथं?"

पडवीत हे कोयतीला धार लावत बसले होते. घासायचा आवाज थांबला. सगळ्यांना ऐकू आलं, थांबला ते.

"मी ठेवली व्हती," हे म्हणाले. "नऊ दिवस पाण्यावर राहणार व्हती ती. काय झालं?"

पडवीच्या कोपऱ्यात जाऊबाई हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. "भावजी! बायकोला केळी! तरीच गो, तरीच ती गाय हिला बघून ओरडायची!"

हे लाल झाले. मला वाटलं आता जमीन फाटावी. पण सासूबाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "केळ्यानं वाल बसतो? माझ्या जन्मात ऐकलं नाय."

"मी दाखवते," मी म्हटलं. "घट माझ्या हातानं बसवा. देवाला आणलेली केळी पडवीत ठेवा, आत नको. आणि याच वाडग्यातलं धान्य मी चार करवंट्यांत पेरते. दोन केळ्याबरोबर मडक्याखाली झाकायच्या, दोन दुसऱ्या मडक्याखाली नुसत्या. घट खुजा राहिला तर मी पुन्हा जन्मात बियाण्याकडे बघणार नाय."

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटचं वाक्य तर न ठरवताच तोंडातून गेलं. आणि सासूबाई शब्दाला पक्क्या.

त्यांनी थोडा वेळ वाडग्यात बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "पाणी मी घालीन. चारी करवंट्यांना आणि घटाला पण. तू नुसतं पेरायचं."

"चालेल."

"आणि सगळ्यांदेखत मडकी मी उघडीन. नवव्या दिवशी."

"बरं."

"मी हाय राखणीला," जाऊबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "चार दिवस मला दुसरं काम नाय."

मी पेरलं. अकरा वर्षांनी वाल बोटांतून सोडले. ते कसे पडले ते मला आठवत नाही, बोटांना त्यांचा गारवा लागला एवढं आठवतं.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पहिले तीन दिवस परडीत नुसती काळी माती. चौथ्या दिवशी सासूबाई पाणी शिंपडून आल्या, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी काही सांगितलं नाही. त्या मुद्दाम सांगत नव्हत्या. पाचव्या दिवशी मी माळ बांधायच्या निमित्तानं आत गेले. कोंब वर आले होते, पण माना वाकलेल्या. वालाचा प्रत्येक कोंब मातीतून येताना मान वाकवूनच येतो, मग सरळ होतो, हे मी खोपीत चौदा दिवस बघितलं होतं, तरी घाबरले. सहाव्या दिवशी मी आत गेलेच नाही. सातव्या दिवशी लेक धावत आली आणि कानात म्हणाली, "आई, चवळी घटाच्या गळ्याला लागली."

आठव्या दिवशी ती गळ्याच्या वर होती.

नवव्या दिवशी बायका जमल्या. गोष्ट वाडीभर झालीच होती, काही जणी देवासाठी कमी आणि मडक्यांसाठी जास्त आल्या होत्या. परडीत हिरवट पिवळं रान माजलं होतं. घट दिसतच नव्हता. सासूबाईंनी पडवीत येऊन पहिलं मडकं उचललं. दोन करवंट्या, वाल वीतभर, मडक्याच्या बुडाला टेकून वळलेले. दुसरं मडकं उचललं. केळी काळी पडलेली, आणि शेजारी जाड, आखूड, मान खाली घालून बसलेले वाल. अगदी माझ्या पहिल्या घटासारखे.

सासूबाई खाली बसल्या. एक कुबडा कोंब उपटून त्यांनी तळहातावर घेतला, दुसऱ्या हातावर उंच कोंब घेतला, आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नऊ दिवस केळी खाल्लीस, आणि मला एक नाय दिलंस गो?"

अशा हसल्या बायका! मीही हसले, आणि या वेळी मला कळत होतं का हसते आहे. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी कळशी उचलायची तर ही उचलत व्हती? आता पाणी मी पाजीन बाबा, वाल तू पेर." आणि त्यांनी स्वतः, कुणी न सांगता, आपल्या दाराजवळची बियाण्याची टोपली उचलून माझ्यासमोर आणून ठेवली. या वेळी जोरात नाही. सावकाश.

त्या वर्षी भात कापून झाल्यावर वालाचं पहिलं बी मी खोचलं आणि दुसरं माझ्या लेकीनं. सासूबाई बांधावर बसून ओरडत होत्या, "खोल नको! बोटाच्या एका पेरापर्यंत!" जणू मला येत नव्हतं. मी म्हटलं, "व्हय आई, व्हय." शेंगा लागल्या तेव्हा मी माहेरी वाल पाठवले, खाडीकडे, वडिलांना. निरोप पाठवला की हे माझ्या हातचे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या घटात वाल बसला, चवळी बसली, मूग बसला, पण भात का वाढलं? वास तर त्यालाही लागत होता. हा प्रश्न मी मनात तसाच ठेवला. सांगितला असता तर कुणी म्हणालं असतं, बघा, हिचं खरं नाही.

लेक रोह्याला कॉलेजात गेली, झाडांचंच शिकायला. एक दिवस एसटीतून उतरून घरी आली ती पायात चपला तशाच, सरळ चुलीपर्यंत. "आई, तुझी केळी आज वर्गात निघाली!"

मग तिनं मला सांगितलं. झाडाच्या अंगात रस असतात, संप्रेरकं म्हणतात त्यांना. कोंबाच्या शेंड्याकडून एक उतरतो, ऑक्सिन. दुसरा असतो जिबरेलिन, तो कोंबाला ताणून लांब करतो. आणि एक नुसता वायू असतो, इथिलीन. पिकत्या फळातून तो सुटतो. तो आला की कोंबाला म्हणतो थांब, जाड हो, मान घट्ट वाकव. मान वाकवायला तो ऑक्सिनलाच हाताशी धरतो, मानेच्या आतल्या बाजूला त्याची गर्दी करतो, म्हणजे ती बाजू वाढत नाही, बाहेरची वाढते, आणि मान वळते.

"म्हणजे एकटं कोणी काय करत नाय," मी म्हटलं. "घरातल्या बायकांसारखं. एक म्हणते चल, दुसरी म्हणते थांब, तिसरी दोघींच्या मध्ये."

"बाईंनी एवढं सोपं नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

मी विचारलं, "पण कोंबाला केळ्याशी काय करायचंय?"

"केळ्याशी काय नाय. मातीत असताना डोक्यावर ढेकूळ आलं, दगड आला, की कोंब स्वतःच तो वायू सोडतो. मग जाड होतो, मान वाकवतो, म्हणजे शेंडा मोडत नाही आणि मानेनं ढेकूळ वर ढकलता येतं. तुझ्या केळ्यांचा वायू लागला, त्याला वाटलं डोक्यावर दगड आहे."

मी पोळपाटावर हात ठेवून बसून राहिले. माझ्या परडीतले ते कुबडे, ज्यांच्यावर सगळी वाडी हसली होती, ते मेलेले नव्हते, रोगट नव्हते. ते दगड उचलायच्या तयारीत होते.

मग मी भीतभीत माझा जुना प्रश्न विचारला. भात का वाढलं?

लेक हसली. "भात पाण्यात रुजतं ना आई? पाण्याखाली तो वायू बाहेर जात नाही, कोंबाभोवती साठतो. तो साठला की भाताला कळतं आपण बुडालोय. मग ते थांबत नाही. कोंब लांब करतं, पाण्याच्या वर यायला. वायू तोच. वालाला म्हणतो थांब, भाताला म्हणतो चल."

म्हणजे त्या पहिल्या घटातही सगळं बरोबरच चाललं होतं. वाल वालासारखा वागला, भात भातासारखं. माझ्या हातातून सुटलेला एकही दाणा चुकला नव्हता.

सासूबाई आता नाहीत. जाऊबाई आहेत, गुडघे धरून बसतात, पण त्यांच्या परसातल्या काकडीची पहिली बी मी लावल्याशिवाय त्या दुसरी लावू देत नाहीत. उद्या वाल पेरायला घ्यायचे आहेत. टोपली माझ्या दाराशी आहे. आज सकाळी यांनी केळ्याच्या दोन फण्या आणून ठेवल्या, बायका शेतावर येतील त्यांना द्यायला. उघड्यावर, ओटीच्या मधोमध, सगळ्यांसमोर ठेवल्या आणि म्हणाले, "बियाण्यापासून लांब ठेवल्यात. बघून घे."

मी बघून घेतलं.